शिवलेल्या चोचीचा हंस

माझ्या हंसाच्या पोटाखाली एक बैल रवंथ करत उभा होता. मंगळवार पेठेच्या मागचा बोळ, गिरणीचा दुपारचा भोंगा नुकता होऊन गेलेला, चैत्राचं ऊन असं की सावलीनंसुद्धा भिंतीला चिकटून चालावं, आणि मी आपला कुणाची तरी पाटी रंगवायला डबा नि कुंचले घेऊन निघालेला. हाक कुणी मारली नाही, पण मान वळली. कल्लप्पा तेल्याच्या घाण्यावर पश्चिमेचं ऊन येऊ नये म्हणून बांबूला एक मोठं फडकं बांधून खाली सोडलं होतं, आणि त्या फडक्यावरून हंस एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. एकाच डोळ्यानं, कारण बाजूनं काढलेल्या पाखराला दुसरा डोळा कुठून येणार. तो मी ओळखला. आपण काढलेला डोळा आणि आपण दिलेली शिवी माणूस म्हातारपणीही विसरत नाही. पाय थबकले, डबा हिंदकळला, धोतरावर हिरवा रंग सांडला. झालं ते एवढंच. पण मी गोष्टी सांगणारा माणूस, घडलेलं एवढंसं असलं तरी न घडलेल्याचं गाठोडं माझ्याकडे भरपूर असतं.

विक्रम राजाची गोष्ट सोलापुरात कुणाला ठाऊक नाही असं नाही, तरी माझ्या तोंडून ऐका. राजानं शनीची थट्टा केली. शनीनं त्याला उचलून परक्या गावात टाकला. तिथल्या एका वाण्यानं त्याला घरी नेलं आणि चित्रशाळेत झोपायला जागा दिली. खुंटीला वाण्याच्या लेकीचा मोत्यांचा हार टांगलेला. राजानं झोपेचं सोंग घेतलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीवर चितारलेल्या हंसानं मान पुढे केली आणि हार गिळला. आता हे सांगितलं तर खरं कोण मानणार? राजा चोर ठरला, त्याचे हातपाय तोडले. मग एका तेल्यानं त्या थोटक्याला उचलून घरी नेला, घाण्यावर बसवला, आणि तिथं बसून राजा असा गायला की गावातले दिवे आपोआप पेटले. शेवटी शनी निवला, हातपाय परत आले, हंसानं हार ओकला. गोष्ट सरळ आहे. पण गंमत बघा, राजाचे हातपाय गेले आणि आम्हा कलावंतांना पोट मिळालं. गवयांनी त्याचा राग घेतला, कीर्तनकारांनी त्याचे हाल घेतले, आमच्या इथल्या तेलुगू साळ्यांनी हंस तेवढा उचलून लुगड्याच्या काठावर बसवला, छापखानेवाल्यांनी रंगीत चित्रं काढली, आणि आता बोलपटवाले म्हणे तो हंस खराखुरा हलवून दाखवणार आहेत. दाखवू देत. माझा त्यांच्याआधी हलला होता.

धोंडीराम मालकांच्या नाटक कंपनीत मी पडदे रंगवायचो. मांजरपाट ताणायचा, सरस चोपडायचा, वर खडूचे रंग. चित्रशाळेचा हा पडदा मी बार्शीच्या मुक्कामात केला. आभाळ निळं, तळं हिरवं, कमळं, मधे हंस. चोच जिथं उघडते तिथं कापडाला चीर दिली. पलीकडून कुणीतरी हात घालायचा, पांढरी बाही असलेला, हंसाच्या मानेच्याच रंगाचा, आणि खुंटीवरचा हार अलगद आत ओढून घ्यायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मान हलली. आधी हे काम कुणालाच जमेना. एकानं हाराबरोबर खुंटीही ओढून नेली. मग मालकांनी नीलम्माला उभं केलं. ही आमच्याकडे पोशाख शिवायची. अक्कलकोटाच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली, कपाळाला विभूतीचे पट्टे, कानात बुगड्या, नवरा कुठं गेला ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (गावात मात्र मी सांगत सुटलो होतो की तो रंगूनला हत्ती विकतो. तिनं ते ऐकलं, तेव्हा म्हणाली, "विकू द्या की. हत्तीला तरी गिऱ्हाईक मिळंल.") तिचा हात चिरेतून आला की पुढच्या रांगेतले लोक बसल्या जागी मागे सरकायचे. तसा हात मी जन्मात काढू शकलो नाही.

राजा मी कसा झालो ते सांगायचं राहिलं. आमचा मूळचा विक्रम खाऊन खाऊन इतका सुटला की हातपाय तुटल्यावर घाण्यावर बसायला त्याची मांडीच दुमडेना. मालक म्हणाले, "महिपती, तुझ्या अंगात दुमडण्यासारखं काही नाही. तू बस." तसा मी बसलो, ते वर्षानुवर्षं. पण घाणा नंतरचा, आधी चित्रशाळा. पलंग पडद्याला अगदी खेटून मांडलेला असायचा, कारण मालकांना हार, हंस आणि राजा एका नजरेत दिसायला हवे होते. मी मुकुट उतरवून उशीशी पाठ टेकून पडायचो आणि डोकं पडद्याला लागायचं. डोक्याच्या तेलानं आणि घासण्यानं तिथलं एक कमळ हळूहळू पुसलं. मालक ओरडायचे, "स्वतःचंच कमळ खातोस लेका, हंसाला तरी ठेव." मी पुन्हा रंग द्यायचो, पुन्हा जायचा. शेवटी देणंच सोडलं. तळ्यात एक टक्कल तसंच राहिलं.

आणि तिथं पडून मी काय करायचो, तर बोलायचो. राजा झोपलाय, पेटीवाला वाजवतोय, समोर हजार डोळे हाराकडे लागलेत; राजाच्या ओठांकडे कोण बघतंय? ओठ न हलवता मी पलीकडे गोष्ट सांगायचो. काहीच्या बाही. आमच्या मळ्यात चंद्र उतरून पाणी पितो. आमच्या आजोबांनी एका वाघाला कर्ज काढून शिकवला. मळा नव्हता, आजोबाही मला आठवत नव्हते. लहानपणापासून ज्याच्याकडे काही नसतं तो सगळं बोलून घेतो, तसली ती सवय. पलीकडून कधी हूं नाही की चूं नाही. वेळ झाली की चिरेतून हात यायचा आणि हार घेऊन जायचा. नंतर जेवायच्या पंगतीत ती भाकरी वाढताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी मनाशी म्हणायचो, ऐकत असेल. मग म्हणायचो, छे, तिकडे अंधारात उभी राहून ती हाराची वेळ धरत असेल. तुझ्या बडबडीचं तिला पेटीच्या भात्याएवढंही मोल नसेल. माणसानं कापडाशी बोलावं आणि कापडानं ऐकावं, इतकं कोण कुणाला देतं. पण रोज बोलायचो. मंद्रूपच्या जत्रेत एकदा मी असाच सांगत होतो, की रानात अस्वल मागे लागलं, समोर कडा, पळायला वाट नाही, तेव्हा मी झोळीतून कुंचला काढला, कड्यावर दार रंगवलं, आत शिरलो आणि लावून घेतलं. आत काळोख. बघतो तर काय, दाराला कडी बाहेरून रंगवली होती, आतून रंगवायची राहिली. इथपर्यंत आलो आणि पुढचं सुचेना. आतून कसा बाहेर येणार? सुचेचना. आणि त्या दिवशी हात आला नाही. पेटीवाल्यानं तीच ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. लोक शिट्ट्या मारायला लागले. कुणी ओरडलं, "अरं हंसाला भूक न्हाई आज!" शेवटी मालकांनी विंगेतून दात खाऊन "नीलम्मा!" केलं तेव्हा हात आला, घाईघाईत, चुकल्यासारखा, आणि हार घेऊन गेला. डुलकी लागली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही. मालक तिला वाट्टेल ते बोलले. ती खाली मान घालून माझ्या झग्याचा काठ शिवत राहिली. एवढंच म्हणाली, "चुकलं." गोष्ट तशीच राहिली. दाराच्या आत.

बोलपट आले आणि कंपनी बसली. ज्या दिवशी सामान बांधलं त्या दिवशी नीलम्मा सुईदोरा घेऊन पडद्यापाशी आली आणि हंसाची चोच शिवायला लागली. आपल्या लुगड्याच्या काठाचा हिरवा दोरा काढला होता. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "उगड्या चोचीनं कुटं पाठवायचं, महिपतराव? वाटंत कायबी गिळंल." बारीक टाके, एकाला एक लागून. शेवटचा दोरा दातानं तोडला आणि गेली. तिच्याबद्दल नंतर मी तीन बातम्या ऐकल्या, त्यांतल्या दोन माझ्याच आहेत. तिसरी अशी की ती अक्कलकोटला एका मठात भाकऱ्या थापत होती आणि मागच्या थंडीत गेली. ही मात्र मी रचली नाही. रचली असती तर तिला जगवली असती.

म्हणून त्या दुपारी बोळात उभा राहून मला हंस नको होता. म्हातारा चितारी आपल्या चित्रासाठी रडतो हे नाटकात ठीक. मला ती शिवण हवी होती. वीतभर कापड, तेवढं कापून दिलं असतं तरी पुरे; उशीखाली ठेवलं असतं, बाकीचं बैलाला. कल्लप्पानं घाण्याच्या लाकडी लाटेवर बसून बैल पुन्हा हाकायला घेतला होता. तेलाचा, पेंडीचा वास. मी हाक मारली.

"कल्लप्पा, हे फडकं कुठनं रे?"

"कंपनीचं सामान मोडीत निघालं हुतं की. बैलाला सावली बरी पडती. का वो अज्जा?"

"हा हंस ओळखलास का?"

"हंस व्हय ह्यो? आमी बदक म्हनत हुतो."

इथं माझं डोकं फिरलं. नाहीतर मी सरळ मागितला असता. जन्मभर खोटं बोललेल्या माणसाला अपमान झाला की खोटंच सुचतं. मी आवाज खाली आणला, घाण्याभोवती नजर फिरवली आणि म्हणालो, "बदक म्हणू नकोस बाबा. तोच आहे हा. विक्रमराजाचा. ह्याच्यापायी राजाचे हातपाय गेले. ज्या घरी जातो तिथं शनी मागून येतो. मी ह्या पडद्याबरोबर राहिलेला माणूस, बघ माझ्याकडे. तुझं बरं चाललंय, चार दिवसांत उतार लागंल. आण इकडे, मी घेऊन जातो. माझं आता काय बिघडायचं राहिलंय?" आणि मी हात पुढे केला.

कल्लप्पा लाटेवरून उतरला. बैल थांबला. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. मला वाटलं, जिंकलं. पण त्यानं हंसाला हात जोडले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. "खरं काय अज्जा? तोच? म्हंजे राजा आला हुता, आता हंसबी आला म्हना की आमच्याकडं." आणि आत बायकोकडे तोंड करून ओरडला, "रत्नम्मा! तेल घिऊन ये! ताज्या धारंचं आन, चांगलं!" मग माझ्याकडे वळून, छाती काढून: "साऱ्या जगानं राजाला टाकला तवा त्याला कुनी उचलला? आमी. शनी आमचं काय करतोय?" दुसऱ्या कुठल्याही घरात ही थाप लागू पडली असती. पडदा त्यांनी काठीनं बोळात ढकलला असता. आणि मी, त्या नाटकात घाण्यावर बसून तेल्याच्या नावानं रोज गाणं म्हटलेला मी, विसरलो की त्या गोष्टीत तेली कोण असतो ते.

त्याच दिवशी पडदा आत गेला. दाराच्या समोर, पेंडीच्या पोत्यांपुढे, आढ्याला टांगला. शनिवारी कल्लप्पानं हंसावर करडईच्या तेलाची वाटी ओतली, पुढच्या शनिवारी शेजारच्यांनी, मग गिरणीच्या बायका सुटी झाली की यायला लागल्या, मग कोष्टी. मी दर शनिवारी जायचो, दुसरं जायचं कुठं होतं. मला ते जोत्यावर बसवायचे आणि गोष्ट सांगायला लावायचे, आणि मी सांगायचो, पणतीतल्या वातीत चढावं तसं तेल हळूहळू कापडात चढताना बघत. निळं आभाळ काळवंडलं. तळं दिसेनासं झालं. इतकी माणसं, इतके हात, आणि त्यांत आपण काढलेली एकेक रेघ बुडताना बघायची. पाण्यात पडलेल्या माणसाला काठावरून हार घालत राहावं तसं. एकदा राहवलं नाही, मी म्हणालो, "बायांनो, हा मी काढलाय. बार्शीला. ह्या हातानं." रत्नम्मा पदर तोंडाला लावून अशी हसली! "अज्जा, आता ह्ये लई झालं हं तुमचं." सगळ्या हसल्या. मीही हसलो. जन्मात एकदा खरं बोललो ते असं वाया गेलं. मागच्या बाजूला जाऊन शिवण चाचपावी, गाठ तरी बोटाला लागेल, म्हणून दोनदा सरकलो, तर कल्लप्पानं हाताला धरून आणलं. देवाच्या पाठीमागे जाऊ नये म्हणे.

मग काल तो शनिवार आला. रत्नम्मा तेल ओतता ओतता थांबली, डोळे बारीक करून जवळ गेली आणि म्हणाली, "ह्येचं त्वांड कुनी शिवलंय गं बाई? देव म्हनायचं आन उपाशी ठिवायचं?" बायकांत कुजबूज झाली. खरंच की. म्हणूनच शेजारच्या पोरीला मूल ऱ्हात न्हाई, म्हणूनच मागाचं सूत तुटतंय. कुणी तरी गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून रत्नम्माच्या हातात दिली, हंसाला भरवायला. रत्नम्मानं कातर मागवली. टाक्यांखाली कातरीचं टोक शिरणार, एक, दुसरा, हिरव्या दोऱ्याचे तुकडे जमिनीवर, त्यांवरून पायच पाय. मी ओरडलो, "थांब! पुढून कापू नको, फाटंल. गाठ मागं आहे. मागनं उसवायचं. मी उसवतो." रत्नम्मानं कल्लप्पाकडे बघितलं. कल्लप्पानं मान डोलावली, कातर माझ्या हातात दिली. "हौदु, खरं हाय. अज्जालाच ठावं ते. जावा." मला वाटलं, आत जाऊन गाठ सोडवीन, दोरा अखंड काढून मुठीत घेईन, कुणाला कळणार नाही. एवढं तरी.

पोती आणि पडदा यांच्यामधे एक माणूस तिरका शिरेल एवढी फट. खाली बसल्याशिवाय पुढे जाता येईना, वर आढ्याची दोरी होती. गुडघे वाजले. बाहेरून दारातलं उतरतं ऊन पडद्यावर पडत होतं. पण रंग जाड, मागे सगळा काळोख, पेंडीचा उबट वास. एकच जागा उजळ होती. तळहाताएवढी, माझ्या बसल्या तोंडासमोर. मला आधी उमगेना. मग उमगलं: ते माझं कमळ होतं. डोक्यानं पुसलेलं. तिथं रंग नव्हता, नुसतं कापड, आणि त्या कापडात इतक्या शनिवारचं तेल जिरलेलं, त्यामुळे पुसटशा काचेसारखा उजेड तिथून आत येत होता. आणि त्या उजेडात, या बाजूनं, मागच्या बाजूनं, एक राखाडी डाग होता. मी बोट लावलं. राख नव्हे, विभूती. तेलकट होऊन धाग्यांत बसलेली, वर्षानुवर्षं टेकून टेकून बसलेली, आडवी. तिच्या शेजारी, कान येईल तिथं, कापडाचे दोनतीन धागे उसवून वर आलेले, बारीक, जसे बुगडीत अडकून ओढले जातात.

हार तर वर होता. चोच वर होती. हारासाठी उभं राहावं लागे. मग इथं, इतक्या खाली, पलंगावर टेकलेल्या माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर, तिला बसायचं काय कारण होतं?

मी कपाळ लावलं. बरोबर बसलं. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बायकांचे श्वास, बांगड्या, कुणी तरी खोकलं तेसुद्धा. ओठ न हलवता कुणी बोललं असतं तरी ऐकू आलं असतं. आणि मंद्रूपचा तो हात, न आलेला, पेटीवाला तीच ओळ वाजवतोय, लोक शिट्ट्या मारताहेत. डुलकी! अगं, तू थांबली होतीस. मी दार लावून आत बसलो होतो आणि मला बाहेर यायला सुचत नव्हतं, आणि तू हार तसाच टांगता ठेवून थांबलीस. आणि शिव्या खाल्ल्यास, आणि "चुकलं" म्हणालीस.

"अज्जा," रत्नम्मा पलीकडून, अगदी कानाशी. तिच्या हातातली माळ हंसाच्या तोंडापुढे असणार. "सुटलं का न्हाई? गिळतोय का हंस?"

हातात कातर होती. वर चाचपलं तर टाके लागले, बारीक, एकाला एक लागून. मी कातर पोत्यावर ठेवून दिली. म्हणालो, ओठ न हलवता, जुन्या सवयीनं, कापडाला: तर नीलम्मा, आतून कडी नव्हती. मी अंधारात बसून राहिलो. मग कुणीतरी बाहेरून येऊन दाराला कपाळ टेकलं...

"अज्जा! काय करताय वो आत?"

"थांब की जरा," मी म्हणालो. "गोष्ट संपू दे."